टेस्ट टेपच खोटी निघाली

जुने कॅसेट डेक दुरुस्त करायला शिकत असाल, तर हे वाचाच. बेल्ट किंवा पिंच रोलर (टेप दाबून ओढणारं रबरी चाक) कुणी खराब दिला तर दोन दिवसांत कळतं. मला मिळालेली खोटी वस्तू होती टेस्ट टेप, म्हणजे डेक जुळवण्यासाठी ठरावीक सूर अचूक भरलेली कॅसेट. ती ओळखायला आठ महिने लागले आणि तोवर पाच डेक मी माझ्याच हातांनी बिघडवले होते.

सुरुवातीची कामं डोळ्यांनी होतात. डांबरासारखा वितळलेला बेल्ट काढायचा, पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, घट्ट झालेलं जुनं ग्रीस खरवडून नवं लावायचं. पण वेग आणि अझिमथ डोळ्यांना दिसत नाहीत. टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकली पाहिजे. त्यासाठी टेस्ट टेपवर 3150 हर्ट्झचा सूर असतो. तो वाजवायचा, सूर किती हर्ट्झचा ते दाखवणाऱ्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर आकडा बघायचा आणि मोटरच्या मागच्या छिद्रातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून आतला वेग कमी-जास्त करणारा ट्रिमर फिरवायचा. अझिमथ म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडच्या फटीचा टेपशी असलेला कोन, तो काटकोनच हवा. 10,000 हर्ट्झच्या सुराची एक लाट टेपवर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान असते, त्यामुळे हेड केसभर तिरकं झालं तरी वरचे सूर विझतात. ही दोन्ही कामं टेस्ट टेपच्या भरवशावर चालतात. टेप खोटी असेल तर आपण चांगला डेक तिच्याबरहुकूम खोटा करतो, आणि समोरचा आकडा मात्र बरोबर दिसतो.

ज्याच्याकडून ती घेतली तो माणूस जाणकार होता. अझिमथ लावताना 10,000 हर्ट्झवर खोटी शिखरं लागतात, म्हणजे चुकीच्या कोनावरही सूर मोठा होतो, म्हणून आधी खालच्या सुरावर जवळपास आणून ठेवा, हे त्यानेच मला सांगितलं आणि ते खरं आहे. टेप व्यावसायिक यंत्रावर, पूर्ण रुंदीभर रेकॉर्ड केली आहे, असं त्याने लिहून दिलं. सोबत मोजमापांचा छापील तक्ता होता. चालत्या डेकच्या किमतीच्या निम्मे पैसे मी आगाऊ पाठवले. ज्याला इतकं कळतं तो खोटं देणार नाही, असं मी धरून चाललो.

पहिल्या डेकवर आकडा आला 3087. मोटर म्हातारी झाली असेल म्हणून वाढवून 3150 केला. दुसऱ्यावर 3090. तिसरा, चौथा, सगळे तेवढेच हळू. इथे माझं डोकं चालायला हवं होतं. जुने डेक चुकतात तेव्हा कुणी हळू चालतो, कुणी जलद. वेगवेगळ्या कंपन्यांचे डेक एकाच बाजूला, एकसारखे दोन टक्के चुकत असतील, तर आधी टेपवर संशय घ्यायचा.

पाचवा डेक ओळखीतल्या एका काकांचा. त्यांच्या दिवंगत पत्नीच्या आवाजाच्या कॅसेट त्याच डेकवर भरलेल्या होत्या. दुरुस्तीनंतर ते म्हणाले, "आवाज बारीक वाटतोय रे. आणि जरा दबल्यासारखा." मी त्यांना समजावलं की आधी डेक हळू चालत होता, आत्ताचा आवाजच खरा आहे. चाळीस वर्षं ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांना मी हे सांगितलं. ते गप्प राहिले. ते वाक्य अजून मला छळतं.

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून उठून साधी मोजपट्टी काढली. एका कॅसेटवर एकसारखा सूर भरला, टेप बाहेर ओढली, बरोबर 4.76 मीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि तिथे पांढऱ्या लीडरचे (टेपच्या टोकाला असते त्या, सूर न भरणाऱ्या पट्टीचे) छोटे तुकडे जोडले. वेग बरोबर असेल तर एक तुकडा गेल्यापासून दुसरा येईपर्यंत 100 सेकंद लागायला हवेत. माझ्या जुळवलेल्या डेकवर लागले 98. तीनदा करून पाहिलं. मोजण्यात एक सेंटिमीटर चुकलं तरी फरक 0.2 टक्केच पडतो, तेव्हा शंकेला जागा नव्हती. ज्या डेकवर ती टेस्ट टेप भरली, तोच जलद चालत होता.

मग टेप उलटी करून लावली. पूर्ण रुंदीभर रेकॉर्डिंग असेल तर दुसऱ्या बाजूलाही तोच सूर ऐकू यायला हवा. तिथे नुसती खरखर होती. कुणीतरी घरच्या स्टीरिओ डेकवर भरलेली नक्कल होती ती. सगळ्या खऱ्या टेस्ट टेपा पूर्ण रुंदीच्या असतात असं नाही, पण विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल तर ही परीक्षा पाकीट उघडल्याबरोबर करा. मी आठ महिन्यांनी केली.

त्याला सगळं कळवलं. आधी उत्तर आलं, तुमचे डेकच खराब आहेत. 98 सेकंदांचा हिशेब पाठवल्यावर उत्तरं बंद झाली. पैसे गेले ते गेलेच. आगाऊ आणि परत मागता न येणाऱ्या मार्गाने दिले होते.

काकांच्या डेकचे स्क्रू हलवण्याआधी मी फोटो काढला होता, तेवढं एक बरं केलं. हेड साधारण जुन्या जागी आणलं आणि शेवटचा बारीक फरक त्यांच्याच कॅसेटवर, कानाने लावला. स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला तेव्हा शब्दांतले स, श उघडले. मूळ जागेची खूण न करता अझिमथच्या स्क्रूला हात लावू नका. आणि नवी टेस्ट टेप हाती आली की वेगवेगळ्या कंपन्यांनी भरून विकलेल्या चार-पाच कॅसेट आधी आणि नंतर ऐका. थोडाफार फरक असतोच. पण टेस्ट टेपवर जुळवल्यावर सगळ्याच दबल्या, तर डेक होता तसा करा.

तीन डेक माझ्याकडेच होते, ते सुधारले. एक मात्र मी दुसऱ्या डेकच्या बदल्यात देऊन टाकला होता, आणि घेणाऱ्याने तो पुढे कुणाला दिला. काळा, दोन हेडचा, मागच्या पत्र्यावर आतून पेन्सिलने 3150 लिहिलेला. तो तुमच्याकडे असेल तर तो आकडा खोडा आणि वेग पुन्हा मोजा.