ए-2 जॅकेट: लेबल सगळ्यात शेवटी वाचा

ए-2 म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांचं कातडी जॅकेट. असं जुनं जॅकेट विकायला निघालं की जाहिरातीतला पहिला फोटो हमखास मानेमागच्या लेबलचा असतो. टाइप ए-2, ड्रॉइंग नंबर 30-1415, त्याखाली कंत्राटाचा नंबर, कारखान्याचं नाव आणि तळाशी ‘प्रॉपर्टी, एअर फोर्स, यू. एस. आर्मी’. विकणाऱ्याच्या लेखी विषय तिथेच संपतो. आमच्या मते हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. जपान आणि इंग्लंडमधले चांगले नक्कलकार कंत्राटाच्या नंबरासकट हीच लेबलं विणून घेतात, आणि तेही उजळ माथ्याने, कारण सोबत स्वतःच्या नावाची वेगळी चिठ्ठी लावतात. ती चिठ्ठी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने उसवली की उरतं ते ‘1942चं जॅकेट’!

हे जॅकेट 1931 साली अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने प्रमाण म्हणून स्वीकारलं आणि 1943मध्ये नव्या ऑर्डरी थांबल्या. त्यामुळे पहिली चाळणी सोपी आहे. बाजूला हात घालायचे तिरके खिसे, नावाच्या पट्टीसाठी वेल्क्रो, धुण्याच्या सूचनांची पट्टी, एस-एम-एल असं माप, अस्तरावर छापलेला नकाशा, यातलं काहीही दिसलं तर ते युद्धकाळातलं नव्हे. मूळ माप 38, 40, 42 असं आकड्यात असतं. पुढे झाकणाचे दोनच खिसे, कॉलरच्या टोकांखाली लपवलेली टिचबटणं, गळ्याशी हूक, चेनमागे कातड्याची पट्टी आणि पाठ जवळपास नेहमीच एका सलग तुकड्याची. पाठीला मधोमध जोड असेल तर बहुधा लहान कातड्यात भागवलेलं असतं. मुळात बरंचसं काम घोड्याच्या कातड्यात झालं, काही बकरीच्या.

चेन बघताना तिच्यावर टॅलॉन, क्राउन, कॉनमार, क्विक ही चेन बनवणाऱ्यांची नावं शोधावीत. पण चेन बदललेली असणं हा दोष नाही. ऐंशी वर्षांत ती तुटणारच. बदल प्रामाणिक आहे का, ते कातडंच सांगतं. कातड्याला पडलेलं सुईचं भोक बुजत नाही. चेन, मनगटाचे किंवा कंबरेचे लोकरी विणीचे पट्टे बदलले असतील तर नव्या टाक्यांशेजारी जुन्या भोकांची रिकामी रांग दिसायलाच हवी. भिंग घ्या, जॅकेट खिडकीपाशी न्या आणि मनगटाची शिवण हलकेच ताणून बघा. कातडं पार झिजलेलं, पट्टे कोरे, आणि भोकांची मात्र एकच रांग? मग ते ‘बदललेले’ पट्टे नाहीत. सगळं जॅकेटच एका वेळी शिवलेलं आहे आणि झीज नंतर चढवलेली आहे. छातीवर युनिटचं चिन्ह होतं असा दावा असेल तरी हीच कसोटी लावावी.

चढवलेली झीज ओळखायला खिशाचं झाकण उचला. उन्हापासून आणि हातापासून वाचलेली ती जागा बाहेरच्यापेक्षा गडद हवी. कॉलरच्या खालच्या बाजूचंही तेच. खरी झीज कोपराच्या आतल्या घड्यांत, खिशाच्या तोंडाशी, चेनच्या कडेला आणि मनगटाजवळ साचते. सँडपेपरने घासलेल्या मालात मात्र सगळ्या कडा सारख्याच उजळतात, काखेतल्या शिवणीसुद्धा. तिथे काय घासणार?

उलटी गफलतही होते. कित्येक अस्सल जॅकेटं नंतर रंगवली गेली. रंग टाक्यांच्या दोऱ्यावर चढलेला असेल, अस्तराच्या कडेला डाग असतील, तर वरचा रंग नंतरचा आहे. त्याने किंमत उतरते, अस्सलपणा जात नाही.

दोरा सुती हवा. सुटलेला एखादा तंतू मिळाला आणि विकणाऱ्याची हरकत नसेल तर पेटवून बघा: सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गोळा धरतं. अतिनील बत्तीचा बराच बोलबाला आहे. आधुनिक दोरा तिच्याखाली निळसर पांढरा चमकतो हे खरं, पण जुनं अस्तर अलीकडे साबणाच्या पावडरीत धुतलं असेल तर तेही चमकतं. एकट्या बत्तीवर निकाल देऊ नये.

चिन्हांबाबत एक सावधगिरी. चीन-बर्मा-इंडिया आघाडीवरच्या वैमानिकांनी कित्येक चिन्हं भारतातल्याच कारागिरांकडून जरीत आणि कातड्यात करवून घेतली. ही कला इथे आजही जिवंत असल्याने नवी चिन्हंही तितकीच सफाईदार निघतात. जॅकेट अस्सल आणि चिन्ह कालचं, ही जोडी बाजारात सर्रास भेटते.

1988मध्ये अमेरिकी हवाई दलाने ए-2 पुन्हा सुरू केलं, बकरीच्या कातड्यात. तेही सरकारी आणि अस्सलच, फक्त युद्धातलं नव्हे. अशा नंतरच्या मालाला, आणि एमए-1 या नायलॉनच्या लष्करी वैमानिक जॅकेटाला, मात्र लेबल खरंच उपयोगी पडतं. कंत्राटाच्या नंबराची सुरुवात डीएसएने (डिफेन्स सप्लाय एजन्सी, अमेरिकी लष्कराचं खरेदी खातं) असेल तर 1960चं दशक ते 1977, डीएलएने (त्याच खात्याचं पुढचं नाव, डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी) असेल तर त्यानंतरचं. लेबलवरचा साठ्याचा नंबर (सरकारी स्टॉक नंबर) 13 आकडी असेल तर 1974 किंवा नंतरचं. आधी तो 11 आकडी असे. कारखान्याच्या पत्त्यात पाच आकडी पिनकोड दिसला तर 1963च्या आधीचं नक्कीच नाही.

वापरायला काय घ्यावं? आमचं मत सरळ नकलेच्या बाजूने. मूळ कातडं वर मजबूत दिसलं तरी शिवणींवरचे सुती दोरे कुजलेले असतात आणि बाही घालताना काखेत फाटतं. शिवाय मूळ बेतणी आखूड आणि अंगासरशी. आज 40 मापाचा शर्ट घालणाऱ्याला 42 लागण्याची तयारी ठेवावी. छातीचं माप काखेपासून काखेपर्यंत जॅकेट सपाट ठेवून मागवा, लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका. बझ रिक्सन्स, रिअल मॅकॉय्ज, ईस्टमन यांच्या नकला स्वस्त नाहीत, पण कापणी, चेन आणि कातड्याचा पोत यांत मूळच्या फार जवळ जातात. मॉलमधली ‘बॉम्बर’ म्हणून मिळणारी जॅकेटं या रांगेत धरू नयेत. त्यांना बाजूचे खिसे आणि नकाशाचं अस्तर असतं, थंडीपुरतं ठीक.

मूळच घ्यायचं असेल तर विकणाऱ्याकडून पाच फोटो मागवा: उचललेल्या झाकणाखालचा, कॉलरच्या खालच्या बाजूचा, चेनच्या सरकडीचा, मनगटाच्या शिवणीचा आणि अस्तरावरच्या शिक्क्याचा. चार आले आणि मनगटाचा नाहीच आला, तर पैसे पाठवू नका.