आठ महिने, एक डेडिका आणि न तापवलेलं दूध

डेलॉन्गी डेडिका, ईसी ६८५. हे घरगुती एस्प्रेसो मशीन, म्हणजे दाबाने छोटा कप घट्ट कॉफी काढणारं. दिवाळीच्या पाडव्याला घरी आलं, आता आषाढ संपत आलाय. रोजचे चार-पाच कप धरले तर हजाराच्या आसपास कप झाले. घेण्याआधी मीही ढीगभर अभिप्राय वाचले होते. बहुतेक सगळे खोकं उघडल्याच्या आठवडाभरात लिहिलेले, ‘दिसायला सुंदर, पैसे वसूल’ छापाचे. दिसायला सुंदर आहे हे फोटोत मलाही दिसत होतं. म्हणून हे जरा उशिराने लिहितेय.

आधी घरात कोण काय पितं ते सांगते, कारण निवड त्यावर करायला हवी होती आणि आम्ही नेमकी ती सोडून बाकी सगळ्यावर केली. मी बिनदुधाची, छोटा कप, दिवसातून दोनदा. नवरा कॅपुचिनोवाला. सासूबाईंना कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि जिभेला चटका. सासरे चहाचे, पण रविवारी सगळे बसले की ‘मलाही टाका अर्धा कप’. थोडक्यात, निम्म्याहून जास्त कप दुधाचे. पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, ओट्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि वर आरओ. उरलेली जागा वीतभर.

आणि आम्ही दोघं महिनाभर कशावर वाद घालत होतो, तर बारवर, म्हणजे दाबाच्या आकड्यावर. याला १५ बार, त्याला २०, मग २०वालं स्वस्त असून जास्त चांगलं का नाही? एक तसलं वीस बारवालं मशीन आम्ही सेलमध्ये घेतलंही होतं, नाव घेत नाही. चार दिवसांत परत केलं. आता कळतं की खोक्यावरचा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. कॉफीला हवं असतं साधारण ९ बार. मिलानच्या अकिले गाज्जियाने १९४८ च्या सुमारास दांड्याची, आत स्प्रिंग असलेली यंत्रं बाजारात आणली आणि वाफेऐवजी पाण्याच्या दाबाने कॉफी निघू लागली. कपावरचा तो तपकिरी साय-फेस, म्हणजे क्रेमा, तेव्हापासूनचा. पुढे १९६१ मध्ये फाएमाच्या ई ६१ ने दांडा ओढायचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. कॅफेत आजही ९ बारच्या आसपासच काम चालतं. म्हणजे १५ काय नि २० काय, तो आकडा बघून मशीन निवडणं हे स्पीडोमीटरवर २०० लिहिलंय म्हणून गाडी घेण्यासारखं आहे. लक्ष्मी रोडवर चालवायचीय.

मग डेडिकाच का? प्रामाणिकपणे सांगायचं तर रुंदी. पंधरा सेंटिमीटर. वीतभर जागेत बसणारं दुसरं मिळेना. गाज्जिया क्लासिकवर माझा जीव होता. त्याचं हँडल, म्हणजे पुडीची वाटी ज्यात बसते ते, ५८ मिलिमीटरचं, कॅफेतल्या मापाचं, त्यामुळे त्याला लागणारं सामान कुठलंही चालतं. पण ते रुंद, जड आणि आमच्या बजेटच्या बाहेर. फ्लेअरसारखं हाताच्या दांड्याचं यंत्र एकट्या माणसासाठी उत्तम, वीज लागत नाही. पण दुधासाठी वाफ नाही, आणि रविवारी सगळ्यांसाठी दर वेळी पाणी उकळून दांडा ओढत बसायला मी तयार नव्हते. कॅप्सूलवालं, म्हणजे कपापुरती पूड बंद डबीत येते ते, नको, कारण दर कपाचा हिशेब मांडल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला.

आता मशीनबद्दल. चालू केल्यावर चाळीसेक सेकंदांत तयार. आत मोठा बॉयलर नाही, थर्मोब्लॉक आहे, म्हणजे गीझर कमी आणि इन्स्टंट हीटर जास्त. सकाळच्या घाईत हे मोठं सुख. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की पहिला शॉट, म्हणजे एका वेळी निघणारी कॉफी, कोमट लागतो, कारण हँडल आणि कप थंडगार असतात. मी आधी कॉफीविना एकदा गरम पाणी हँडलमधून कपात सोडते, मग खरा शॉट. वजनाने हलकं, चारेक किलो, त्यामुळे हँडल फिरवून बसवताना मशीनही सोबत फिरतं. एका हाताने मशीनचं डोकं धरावं लागतं. आठ महिन्यांत सवय झालीये, पण पाहुण्यांना हसू येतं.

सोबत जी जाळी येते, म्हणजे कॉफीची पूड भरायची वाटी, तिला आतून नेहमीसारखी भोकं असली तरी खाली बाहेर पडायला एकच बारीक छिद्र. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, पूड कशीही असो. म्हणूनच दुकानातली तयार पूड टाकूनही फेस दिसतो. तो बघून पहिले दोन आठवडे आम्ही खूश होतो. मग एका कॅफेत नीट एस्प्रेसो प्यायले आणि लक्षात आलं, आपल्याकडे नुसता फेस आहे, खाली कडू पाणी.

इथून खरा खर्च सुरू झाला. आधी बिया आणून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळल्या. तीनदा धुतलेलं भांडं होतं. तरी कॉफीला लसणाचा वास आला तो आला, शिवाय अर्धी पूड पिठासारखी आणि अर्धी रव्यासारखी. शेवटी संक्रांतीला किंगग्राइंडर के ६ हा हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला, मशीनच्या जवळपास निम्म्या किमतीचा. एका खटक्याला १६ मायक्रॉन इतका बारीक फरक करता येतो, आणि एस्प्रेसोला तो लागतोच. त्याबरोबर ५१ मिलिमीटरची साधी, त्या एका छिद्राच्या करामतीशिवायची जाळी, पूड दाबायला त्याच मापाचा लोखंडी टॅम्पर आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. मशीनसोबत आलेला प्लॅस्टिकचा टॅम्पर आता मुलाच्या भातुकलीत आहे.

माझं माप: १५ ग्रॅम पूड, त्यातून कपात ३० ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. पंधरा सेकंदांत धो-धो आलं तर दोन खटके बारीक. थेंब-थेंब करत चाळीसच्या पुढे गेलं तर जाडसर. सगळं एका जुन्या डायरीत लिहिते. पहिला महिना निम्म्या नोंदींपुढे ‘आंबट’ आणि निम्म्यांपुढे ‘कडू’ आहे. त्यानंतर मात्र जी कॉफी निघायला लागली, तिच्यासाठी मी या मशीनचे सगळे नखरे माफ केले. पैसे पुन्हा खर्चायचे झाले तर मी आधी ग्राइंडर घेईन, आणि उरलेल्यात जे मशीन बसेल ते.

बियांबद्दल थोडंसं. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर मी घेत नाही. भाजल्यापासून दहा-बारा दिवस थांबून उघडते, महिन्याच्या आत संपवते. ब्लू टोकाईची अटिकन, नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनच्या एक-दोन आणि मॉन्सून्ड मलबार असं आलटून पालटून चालतं. मॉन्सून्ड मलबार म्हणजे किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगू दिलेल्या बिया. आंबटपणा जवळपास नाही, दुधात मस्त लागते. फार फिकट भाजलेली कॉफी या मशीनला जमत नाही असं माझं मत झालंय. फुलांचा नि फळांचा सुगंध वगैरे पाकिटावरच राहतो, कपात लिंबू येतं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पूड एकदा टाकून पाहिली. जाळी तुंबली. ती पितळी फिल्टरमध्येच छान.

पावसाळ्यात सगळं गणित हललं. जूनमध्ये त्याच बिया, तोच खटका, आणि शॉट रोज वेगळा. पूड ग्राइंडरच्या भिंतीला चिकटते. आता बिया घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत, लागतील तेवढ्याच दळायच्या.

आता दूध, म्हणजे आमच्या घरातला मुख्य विषय. फेस चांगला यायचा तर दूध फ्रिजमधलं गार हवं आणि साय नको. मी सरळ पिशवी कापून भांड्यात ओतली. सासूबाई मागेच उभ्या होत्या. ‘अगं, न तापवलेलं दूध?’ मी म्हटलं, ‘आई, पिशवीचं पाश्चराइज्ड असतं, आणि वाफेने तापतंच की.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण तो कप तसाच ओट्यावर राहिला. पुढचे दोन आठवडे त्या चहा पीत होत्या.

तोडगा त्यांच्याच पद्धतीतून निघाला. रात्री दूध नेहमीसारखं तापवायचं, गार झालं की फ्रिजमध्ये. सकाळी जाड साय काढून विरजणाच्या भांड्यात, आणि खालचं दूध गाळून कॉफीला. साय गेली, त्यामुळे फेस गुठळ्यांचा न होता तलम येतो, आणि तुपाचंही नुकसान नाही. गायीचं दूध सगळ्यात सोपं. ६ टक्के फॅटचं फुल क्रीम चवीला भारी, पण त्याचा फेस माझ्याकडून जडच होतो.

वाफेच्या नळीवर एक बाहेरचं आवरण असतं, फेस आपोआप करणारं. तो फेस डिटर्जंटसारखा. आवरण काढून आतल्या नुसत्या नळीने केलं तर दीडशे मिली दुधाला पाऊण मिनिट लागतं, पण पोत हवा तसा येतो. नळी मात्र तापते, फडकं हवंच. आणि वापरून झाली की लगेच पुसून एकदा वाफ सोडायची, नाहीतर दूध आत वाळून बसतं.

इथेच या मशीनची सगळ्यात मोठी मर्यादा आहे. गरम करणारा भाग एकच. वाफेसाठी तो बराच जास्त तापतो, आणि त्यानंतर लगेच कॉफी काढायची सोय नाही. पाणी सोडून थंड करावं लागतं. रविवारी मी आधी सगळे शॉट एकामागून एक काढते, मग एकदाच दूध. पाच कपांना वीसेक मिनिटं जातात आणि पहिल्याची कॉफी तोवर निवते. पहिला कप सासऱ्यांचा, ते तक्रार करत नाहीत. रोज दुधाचे पाच-सहा कप एकदम लागत असतील तर हे मशीन घेऊ नका. आणि कॉफी नेहमी दुधातच प्यायची असेल, बिनदुधाची कुणीच पीत नसेल, तर मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, घ्या. दाब दीड-दोन बारच्या वर जात नाही, ती एस्प्रेसो नव्हे, पण दूध-साखरेत फरक कळायला जीभ फार तयार लागते.

दोन गोष्टी कुठल्याच अभिप्रायात नव्हत्या. एक, सॉकेट. हे १३०० वॅटचं यंत्र, म्हणजे साडेपाच-पावणेसहा अँपिअर. ओट्यावरच्या साध्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर रोज चालवणं बरं नाही. १६ अँपिअरचा पॉइंट एकच, तो मायक्रोवेव्हचा. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून दुसरा काढून घेतला, टाइल फोडून. लाइट गेली की इन्व्हर्टरवर हे चालत नाही, ते गृहीत धरा.

दोन, पाणी. यात चूक पूर्ण माझी. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर सुरू झाले आणि मी नळाचंच पाणी भरत राहिले. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला तेव्हा सहाशेच्या वर होता. क्षार काढायचा नारिंगी दिवा लागला, तो मी दोन आठवडे बघून न बघितल्यासारखं केलं. मग धार बारीक झाली आणि वाफ खोकायला लागली. क्षार काढायचं द्रावण दोनदा फिरवलं तेव्हा आतून जे पांढरं निघालं ते बघून नवरा म्हणाला, ‘आपण हेच पितो?’ आता फक्त आरओचं पाणी, पण तेही अगदी निःसत्त्व असेल तर कॉफी सपक लागते. आरओवाल्याला सांगून टीडीएस शंभरच्या आसपास ठेवून घेतलाय. कॉफीवाल्यांचं आदर्श माप १५० आहे, पण तेवढ्यासाठी घरच्यांच्या पिण्याच्या पाण्याशी आणखी खेळायची परवानगी मला मिळाली नाही.

सासूबाई आता दुपारी चारला स्वतःच मशीन लावतात. दूध ६०-६५ अंशांवर थांबवायचं असतं हे मी सांगून थकले. त्या भांड्याला हात लावता येईनासा होईपर्यंत वाफ सोडतात, मग फेस मोडतो, आणि त्यांना चालतो. एकदा त्यांनी जायफळ आधीच दुधात किसलं होतं, ते नळीच्या टोकात जाऊन बसलं, टाचणीने काढावं लागलं. तेव्हापासून जायफळ आणि छोटी किसणी मशीनच्या डोक्यावर, कप गरम ठेवायच्या जागेत असते. कप खालीच.