सेकंडहँड पन्नास एमएम लेन्स : आठ महिन्यांनंतर

एफ १.८ (म्हणजे उजेड आत घेणारं भोक मोठं), क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) पंच्याहत्तर-ऐंशी एमएमसारखी वगैरे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते हिच्या आवाजाबद्दल. मॉडेल जुनं, मोटारही जुनी. फोकस घेताना घर्रर्र करते. साडेचार हजारांत मिळाली म्हणून घेतली, तक्रार करायला तसं तोंड नाही. तरी करतोय.

पहिला प्रयोग चुलतभावाच्या मुलीच्या बारशाला. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं, खिडकीतून तिरपा उजेड, सगळं जुळून आलेलं. बटण अर्धं दाबलं, घर्रर्र, आणि बाळाने भोकाड पसरलं. काकू म्हणाल्या, "अरे, कॅमेरा आणलास की गिरणी?" बाळ पुन्हा झोपेपर्यंत दोन कप चहा झाला. मग मॅन्युअलवर टाकली, म्हणजे फोकस हाताने. पण फोकसची रिंग पुढच्या टोकाला, नखाएवढी. एफ १.८ ला मीटरभरावरून जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर शार्प मिळतं, त्यात नाक आलं की कान गेले. शेवटी भोक बारीक करून एफ ४, आणि कमी पडलेल्या उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता वाढवून आयएसओ १६००. एवढं करायचं तर कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स काय वाईट होती?

लग्नात आवाजाचा प्रश्नच नव्हता, ताशापुढे कोण ऐकतंय. तिथे वेगळीच गंमत. नवरीची नथ कडक शार्प, डोळे मऊ. चूक माझी, फोकस पॉइंट मधला ठेवला होता. एलईडीच्या उजेडात पट्टे आले, तीही चूक माझीच. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लपलपतात. शटर १/१०० सेकंदावर आणल्यावर पट्टे गेले.

दिवाळीत मित्राच्या बायकोच्या फराळाचे फोटो काढले आणि मत बदललं. पाटावर चकल्या, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. एफ ५.६, ट्रायपॉड. चकलीचा काटा न् काटा मोजून घ्या. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही, पण चकलीला त्याहून जवळ जायचंय कशाला? हे लिहायला घेतलं असतं तर तेव्हाच पाच तारे दिले असते. चकल्या झोपलेल्या नसतात, हाही एक फायदा.

मग सोमवतीला जेजुरीला गेलो. पालखी कऱ्हेवर निघते, भंडारा उधळला जातो, हवाच पिवळी होते. पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे संरक्षक काच, लावला म्हणून मी निर्धास्त. पण ही लेन्स फोकस घेताना नळी आतबाहेर करते, आणि दर वेळी कडेच्या फटीतून चिमूटभर हळद आत ओढून घेते. पायऱ्या उतरेपर्यंत घर्रर्रचं कर्रकच्च झालं. घरी येईतो बंद. (ओल्या फडक्याने पुसू नका. मी पुसली. पिवळा डाग अजून आहे.)

सर्व्हिस सेंटरने अंदाज दिला तीन हजार दोनशे, वर अठरा टक्के जीएसटी. उघडून बघायचे वेगळे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, यापेक्षा नवीनच घ्या." वीस मिनिटं वाद घातला. बघायचे पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

शेवटी पेठेत जिन्याखाली बसणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने माझ्यासमोर खोलली, वर्तमानपत्रावर ब्रशने झाडली. हळद तर निघालीच, पण तिच्याखाली काळं, वाळून दगड झालेलं ग्रीसही. आधीच्या मालकाची कृपा. नऊशे रुपये. आता आवाज येतो, पण हळू. म्हणजे सहा महिने मी जिला गिरणी म्हणत होतो ती बिचारी तेल मागत होती. म्हणून पाचपैकी चार. एक तारा त्या नखाएवढ्या रिंगसाठी कापला.

निघताना कारागिराने वर्तमानपत्राची पुडी हातात दिली. "देवाचा भंडारा आहे, टाकू नका." ती कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे, सिलिका जेलच्या शेजारी. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, दोन रबरबँड लावून.