महिनाभराच्या सह्या, एकाच बैठकीत

एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट असतात. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. जागा आपली आपण शोधायची. माझी कुणाशी ओळख ना पाळख, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या जाहिरातीला फोन केला. नाशिकच्या कॉलेज रोडला ऑफिस, जीएसटी रिटर्न शिकवणार, महिना ३,००० स्टायपेंड. आधी फक्त 'रजिस्ट्रेशन'चे ४,५०० भरायचे. आईने भिशीतले काढून दिले.

पहिल्याच दिवशी मोबाईल नंबरांची यादी हातात आली. सातपूर, सिडको, नाशिकरोडच्या पोरापोरींना फोन करून हीच इंटर्नशिप त्यांच्या गळ्यात मारायची. दहा ॲडमिशन आणल्या तरच स्टायपेंड. टॅलीचा कॉम्प्युटर सरांच्या केबिनमध्ये; महिनाभरात माझा हात त्याला लागला नाही. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून दोघींनी पैसे भरले. स्वतःचे गेले त्यापेक्षा ते मला जास्त डाचतं.

शेवटच्या दिवशी हजेरीपत्रक पुढे सरकवलं. महिनाभराच्या सह्या एका बैठकीत, एकाच निळ्या पेनाने. शेजारी मूल्यमापनाच्या फॉर्मचा गठ्ठा होता. 'विषयाचे ज्ञान', 'वक्तशीरपणा', सगळ्यांना ५० पैकी ४८. गुण भरून झाले होते, नावं अजून लिहायची होती. कॉलेजात तो कागद दोन मिनिटांत जमा झाला. शिक्का बघितला, बस. तिथे काय काम केलंस, एवढं कुणी विचारलं असतं तर मी रडून सगळं सांगितलं असतं.

मुलामुलींनो, शिकवणारा तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा. राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरलं होतं. काम करणाऱ्याला पैसे मिळायचे असतात. आधी तिथे जाऊन आलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि विचारा, स्वतःच्या हाताने काय केलंस? रोजचं काम तारखेसह वहीत लिहा. आणि प्राध्यापकांनो, महिन्यात एकदा तरी अचानक जाऊन बघा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी तीन आठवडे घालवले.

त्या दोघींना घेऊन मी पैसे मागायला गेले, तेव्हा पाटी उतरवलेली होती. काल तीच जाहिरात पुन्हा ग्रुपवर आली. नंबर तोच, पत्ता आता अशोक स्तंभाचा.