लोड बदलायचाय, पण बदलत नाही: स्टॅड प्रो की ईटॅब्स?

स्टॅड प्रो आणि ईटॅब्स ही इमारतीच्या सांगाड्यावर येणाऱ्या लोडचा, म्हणजे भाराचा, हिशेब करणारी सॉफ्टवेअर. दोन्हींत इमारतीचं मॉडेल उभं करता येतं. खरा फरक कळतो तो ड्रॉइंग तिसऱ्यांदा सुधारून येतं आणि भिंत एका बीमवरून दुसऱ्या बीमवर सरकते तेव्हा.

स्टॅडची इनपुट फाइल म्हणजे साधा मजकूर. २३० मिमी जाड, ३ मीटर उंच भिंत, घनता २० किलोन्यूटन प्रति घनमीटर. म्हणजे बीमवर दर मीटरला १३.८ किलोन्यूटन. फाइलमध्ये ही एकच ओळ: बीमचे क्रमांक, दिशा जीवाय (म्हणजे उभी), उणे १३.८ (उणे म्हणजे खाली). गडबड झाली की फाइल वरून खाली वाचत जायचं. मी आधी ‘युनिट’च्या ओळी बघतो. ही आज्ञा तिच्याखालच्या सगळ्या आकड्यांना लागू होते. मध्येच मीटरचं मिलिमीटर झालं आणि परत फिरवायचं राहिलं, की तेच १३.८ दर मिलिमीटरला लागतात. हजारपट! मग क्रमांकांची यादी: मजकुरात भूमिती बदलली तरी लोडची यादी आपोआप बदलत नाही. पी-डेल्टा (इमारत बाजूला झुकल्याने वाढणाऱ्या बलांचा हिशेब) करत असाल, तर लोड एकत्र करायला ‘लोड कॉम्बिनेशन’ नको, ‘रिपीट लोड’ घ्या. पहिलं वेगवेगळ्या लोडच्या उत्तरांची नुसती बेरीज करतं.

ईटॅब्समध्ये लोड बीमलाच चिकटलेला असतो. मजला कॉपी केला की तोही सोबत जातो. मोठं सुख आहे हे. पण चूक वाचून सापडत नाही, तक्ते उघडावे लागतात. लोड बदलूच देत नसेल तर आधी कुलूप बघा: विश्लेषणानंतर मॉडेल लॉक होतं, आणि उघडलं की निकाल पुसले जातात. लोड देताना ‘रिप्लेस’ निवडलेलं राहिलं, तर त्याच पॅटर्नमधला (लोडच्या गटातला) आधीचा लोड जातो. भर घालायची असेल तर ‘ॲड’. स्टॅडवरून आलेल्यांचा हात सवयीने उणे चिन्हाकडे जातो. इथे ‘ग्रॅव्हिटी’ दिशेत धन म्हणजे खाली, त्यामुळे उणे १३.८ दिलेली भिंत बीमला वर उचलते. स्वतःच्या वजनाचा गुणक दोन पॅटर्नमध्ये १ राहिला, तर तेही दुप्पट.

मजल्यांची, स्लॅबची, सतत बदलणारी इमारत असेल तर मी ईटॅब्स घेईन. शेड, पाइपरॅक, मनोरा असेल तर स्टॅड. तिथे मजकूर हाताशी असणं सोयीचं पडतं. दोन्हींत भिंतींचा लोड वेगळा ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर तेवढ्याच लोडच्या तळाच्या प्रतिक्रियांची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीज हाताच्या हिशेबाशी ताडून बघा.