कमी नफा की चढी किंमत: शाओमी आणि ॲपल

भारतात स्मार्टफोनची किंमत ठरवण्याच्या दोन टोकाच्या रीती पाहायच्या, तर शाओमी आणि ॲपल यांच्याकडे पाहावे. शाओमीने जुलै २०१४ मध्ये ‘एमआय ३’ हा फोन १३,९९९ रुपयांना आणला. दुकानदाराचे कमिशन आणि जाहिरातींचा खर्च टाळून तो केवळ फ्लिपकार्टवर, ठरावीक वेळी आणि मर्यादित संख्येने विकला, आणि तो काही सेकंदांत संपल्याच्या बातमीनेच जाहिरातीचे काम केले. एप्रिल २०१८ मध्ये तर हार्डवेअरवरील निव्वळ नफा ५ टक्क्यांपुढे जाऊ देणार नाही, असे कंपनीने जाहीर केले. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून आणि फोनमधल्या जाहिरातींतून होते. म्हणजे स्वस्ताईची थोडी परतफेड ग्राहक रोज पडद्यावर करतच असतो.

ॲपलची रीत उलटी आहे. आयफोन १३ पासून १६ पर्यंत मूळ मॉडेलची सुरुवातीची किंमत ७९,९०० रुपयेच राहिली. नवा फोन आला की जुना एक पायरी खाली उतरतो: १६ आला, तेव्हा १५ ची किंमत ६९,९०० झाली. बँकेची सवलत, हप्ते आणि जुन्या फोनची अदलाबदल यांनी प्रत्यक्ष भार हलका होतो, पण छापील आकडा, आणि त्याबरोबर पत, शाबूत राहते.

माझ्या मते शाओमीची रीत ग्राहकाला अधिक लाभाची, पण कंपनीला अधिक धोक्याची आहे, कारण ती सहज उचलता येते. २०१८ मध्ये रिअलमीने ८,९९० रुपयांच्या फोनने नेमके तेच केले.