जुनी फॉरेस्टर, भंगारातला माल आणि कात्रजजवळचे एक गॅरेज

माझ्याकडे २००५ सालची शेवरोले फॉरेस्टर आहे. जाळीवर शेवरोलेची सोनेरी खूण असली तरी बॉनेट उघडल्यावर आत जे दिसते ते सगळे सुबारूचे आहे. सुबारूने स्वतःच्या नावाने भारतात कधी गाड्या विकल्या नाहीत. जनरल मोटर्सकडे त्या काळी सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजचे २० टक्के भाग होते, म्हणून ही एक गाडी वेगळ्या नावाने आपल्याकडे आली. २००५ मध्ये ते भाग विकले गेले, २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातली विक्रीच थांबवली आणि आपल्या पुण्याशेजारच्या तळेगावचा त्यांचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. त्यामुळे या गाडीचा एखादा भाग हवा असेल तर शोरूमच्या काउंटरवर जाऊन मागण्याची सोय उरलेली नाही. उरतात ते मोडीत निघालेल्या गाड्यांवरून काढलेले भाग, परदेशातून मागवलेले भाग आणि या दोहोंतला फरक जाणणारा मिस्त्री.

असा मिस्त्री मला कात्रज-कोंढवा रस्त्यालगतच्या एका गल्लीत मिळाला, आणि गेली तीन वर्षे गाडी त्याच्याकडेच जाते. गॅरेजचे नाव मी येथे देत नाही, कारण जागा जेमतेम तीन गाड्यांची आहे आणि ‘साहेब, लिहा, पण गर्दी करू नका’ असे त्यांनीच बजावले आहे. पत्र्याचे छप्पर, एक खड्डा, एक हायड्रॉलिक प्रेस, आणि मागच्या भिंतीला लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेले काढीव भाग, एवढाच पसारा. प्रत्येक भागावर पांढऱ्या ऑइल पेंटने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणत्या गाडीवरून काढला, ती गाडी कोणत्या गावची होती आणि किती चाललेली होती. दुसरी गोष्ट कशासाठी लिहितात हे मला बऱ्याच उशिरा कळले.

पहिल्या भेटीत मी टायमिंग बेल्टचे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर चालवणाऱ्या दातेरी पट्ट्याचे, काम घेऊन गेलो होतो. कुर्ल्याच्या बाजारातून मी एक ‘जवळजवळ नवा’ बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप असा संच मोठ्या हुशारीने आणला होता. मिस्त्रींनी तो हातात घेतला, पंपाची पुली एकदा फिरवली आणि सगळा संच माझ्या डिकीत परत ठेवला. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. बेल्ट तुटला, किंवा टेन्शनर वा पुलीचे बेअरिंग धरले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांच्या कामाची किंमत एका इंजिनाएवढी होते. म्हणून बेल्ट, टेन्शनर, सगळ्या पुल्या आणि पंप हे नवेच, तेही एकाच वेळी घालायचे, असा त्यांचा नियम आहे. ब्रेकचे होज (रबरी नळ्या), स्टिअरिंगचे सांधे, एअरबॅग आणि रबराची कोणतीही वस्तू ते काढीव मालातून बसवत नाहीत, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी नाही. नवा संच जपानहून येईपर्यंत गाडी पाच आठवडे उभी राहिली आणि तेवढे दिवस मी पीएमपीच्या बसने फिरलो. चिडलो होतो, हे कबूल करतो.

त्यांच्या कामाची खरी पारख मात्र पुढच्या वर्षी झाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पूर्ण वळवून मागे घेताना कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळू लागली होती. सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नसे. एका गॅरेजने हॅन्डब्रेक अडकतो असे सांगून मागचे ब्रेक उघडले, साफ केले आणि बिल घेतले. दोष जागच्या जागी राहिला. कात्रजच्या मिस्त्रींनी गाडी चालवूनही पाहिली नाही. त्यांनी शिंप्याकडे असते तशी कापडी टेप आणली, चारही टायरांच्या घेराभोवती ती गुंडाळली आणि आकडे खडूने फरशीवर लिहिले. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेरात दीड सेंटिमीटरहून अधिक फरक निघाला. सहा महिन्यांपूर्वी एका टायरवाल्याच्या सल्ल्याने मी पुढचे दोनच टायर बदलले होते, दुसऱ्या कंपनीचे, आणि मागचे निम्मे झिजलेले तसेच ठेवले होते.

साध्या गाडीत एवढ्याने काही बिघडत नाही, या गाडीत बिघडते. हिची चारही चाके सतत इंजिनाला जोडलेली असतात. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शेपटाकडे एक मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच, असतो आणि त्यात सिलिकॉन तेलाने भरलेली एक बंद डबी असते, जिला व्हिस्कस कपलिंग म्हणतात. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू लागली की त्यातल्या चकत्या तेल घुसळतात, तेल तापते आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरतात. चिखलात हे हवेच असते. पण टायरांचे घेर वेगळे असले तर कोरड्या डांबरी रस्त्यावरही ही घुसळण दिवसभर चालते आणि काही महिन्यांनी कपलिंग कायमचे ताठरते. पुढच्या-मागच्या घेरांत साधारण सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. माझ्याकडे अडीचपट होता.

येथे कोणीही लगेच गिअरबॉक्स उतरवला असता. त्यांनी उतरवला नाही. आधी चार एकसारखे टायर घाला, हजार किलोमीटर चालवा आणि मग या, असे सांगून पाठवले आणि त्या दिवसाचा एक रुपयाही घेतला नाही. टायर बदलल्यावर अडखळणे बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाही. तेव्हा मांडणीवरच्या एका गिअरबॉक्सचे शेपूट खोलून त्यातला डिफरन्शियल काढला गेला. गाडीखालचा गिअरबॉक्स त्यासाठी उतरवावा लागत नाही, मागचा शाफ्ट आणि शेवटचे हाउसिंग सोडवले की काम होते. जुना आणि काढीव असे दोन्ही डिफरन्शियल त्यांनी माझ्या हातात फिरवायला दिले. काढीव फिरवताना काकवीत पळी ढवळल्यासारखा एकसारखा जाड विरोध लागत होता. माझा काही अंश फिरून भिंतीला टेकल्यासारखा थांबत होता. ‘हातावरून एवढंच कळतं, आतलं तेल किती दिवस टिकेल ते मी सांगणार नाही,’ असे ते आधीच म्हणाले आणि बिलावर ‘हमी नाही’ असे लिहूनही दिले. चौदा हजार किलोमीटर झाले, अजून ठीक आहे.

गावाच्या नावाचा उलगडा मागच्या चाकाच्या बेअरिंगच्या वेळी झाला. एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या पुढे मागून विमानासारखी घरघर येऊ लागली होती. गाडी उचलून त्यांनी चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, मग माझाही हात तेथे ठेवायला लावला. खराब बेअरिंगची थरथर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळते, कानावर भरवसा ठेवण्याची गरज राहत नाही. या पिढीच्या गाडीत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या जाड लोखंडी भागात, दाबून बसवलेले असते आणि ते प्रेसवरच काढावे व घालावे लागते. हातोड्याने ठोकून बसवलेले बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा गातेच, आणि माझे यापूर्वी एकदा तसेच गायले होते. नकल सोडवताना मागच्या बाजूने एक लांबलचक आडवा बोल्ट काढावा लागतो. तो गंजून बुशमध्ये (सांध्यातल्या नळीत) चिकटला की गॅस कटरशिवाय इलाज नसतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाड्यांचे हे बोल्ट जवळजवळ नेहमी चिकटलेले निघतात, पुण्याच्या गाड्यांचे बहुधा सुटतात. म्हणून समुद्राकाठच्या गाडीवरून ते गाडीखालचे भाग घेत नाहीत. दारे, काचा, दिवे, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) मात्र खुशाल घेतात. माझा बोल्ट पाऊण तास तेल पाजल्यावर सुटला. नकल माझेच ठेवून त्यात नवे बेअरिंग बसवले.

बारीक कामांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अल्टरनेटर इंजिनाच्या वरच बसतो, त्यामुळे काढीव अल्टरनेटर अर्ध्या तासात बसला, आणि हेडलाइट व पंखा चालू ठेवून मीटरवर १४.१ व्होल्ट दाखवल्यावरच त्याचे पैसे ठरले. दाराचे हँडल आणि मागचा दिवा मांडणीवरून मिळाले. स्पार्क प्लग बदलणे हा मात्र वेगळाच सोहळा असतो. या गाडीच्या आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना, चासीच्या लोखंडाकडे तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे बॅटरी आणि हवेची नळी काढून, न दिसणाऱ्या जागी हात घालून, निव्वळ स्पर्शावर काम करावे लागते.

सुबारूचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधला सील, जातेच, असे सांगणारे अनेक भेटतात. ती ख्याती मुख्यतः अडीच लिटरच्या इंजिनाची आहे. आपल्याकडे आलेले १९९४ सीसीचे इंजिन त्या मानाने सोशिक आहे. मात्र ते तापू देऊ नये. मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) अस्सलच घालतात, कारण बाजारातल्या स्वस्त थर्मोस्टॅटचा मेणाचा भाग लहान असतो आणि तो उशिरा उघडतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) भरताना गाडीचे नाक उताराच्या वरच्या अंगाला ठेवतात, म्हणजे आत हवा अडकत नाही.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळली गेल्याचे मला आठवत नाही. फोन दहांपैकी सात वेळा उचलला जात नाही. बिल हाती लिहिलेले असते आणि काढीव भागाच्या किमतीमागे कोणतेही दरपत्रक नसते. माझा डिफरन्शियल मला अठरा हजारांना पडला, तो वाजवी होता की नाही हे ताडून पाहायला पुण्यात दुसरे दुकानच नाही. सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे भाग ज्या गाडीवरून काढला तिच्या मोडीची कागदपत्रे मागितल्याशिवाय दाखवली जात नाहीत. मागितल्यावर दाखवली, तरी ती बिलाला जोडली गेली पाहिजेत. कोणी आख्खे काढीव इंजिन बसवणार असेल तर त्याने हा आग्रह धरावाच, कारण इंजिन बदलल्याची नोंद संगम पुलाजवळच्या आरटीओत आरसीवर करून घ्यावी लागते आणि तेथे इंजिन कोठून आले हे विचारले जाते.

खर्चाचा हिशेब ज्याने त्याने करावा. वीस वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले आहे, त्यावर पर्यावरण कर आणि विमा वेगळा. भाग मिळवायला लागणारे आठवडेही त्यात धरावेत. ज्याला रोज ऑफिस गाठण्यासाठी ही एकच गाडी आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. माझ्या घरी दुचाकी आहे, म्हणून जमते.

जायचे असेल तर आधी जुन्या भागावरचा नंबर उतरवून घ्यावा. तो बहुधा पाच अंक, दोन अक्षरे आणि तीन अंक असा असतो. तो हाती असला की इम्प्रेझा किंवा लेगसीचा कोणता भाग चालेल ते मिस्त्री आपल्या वहीतून दोन मिनिटांत सांगतात, नसला तर गाडी उघडावी लागते आणि त्याची मजुरी लागते. गुरुवारी गॅरेज बंद असते. सकाळी अकराच्या आधी गेलात तर खड्डा रिकामा मिळण्याची शक्यता आहे.